मागील बाकी

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आमच्याकडे दोन पूजा होत. एक घरातली, ती आईची. दुसरी दुकानातली, ती वडिलांची. दुकान आमचे नव्हते. वडील चाटी गल्लीतल्या एका कापडाच्या दुकानात दिवाणजी होते. पण त्या संध्याकाळी लाल खारव्याची कोरी चोपडी उघडून, तिच्या पहिल्या पानावर स्वस्तिक काढून, हळदकुंकू वाहून वडील लेखणी उचलीत, तेव्हा मालकसुद्धा हात जोडून उभे असत. मला त्या वयात त्या पहिल्या ओळीचे मोठे नवल वाटे. वही नवी, शाई नवी, वर्ष नवे आणि पहिली ओळ मात्र 'मागील बाकी'!

या वहीशी माझा पहिला परिचय थपडेने झाला. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. रोजकीर्दीच्या एका जुन्या पानावर मी गंमत म्हणून एका १ चा ९ केला. देवनागरी आकडे लिहिणाऱ्यांना ही करामत किती सोपी असते ते सांगायला नको. संध्याकाळच्या आत मी पकडलो गेलो. पानाची बेरीज पुढच्या पानाच्या डोक्यावर नेलेली, त्या पानाची त्याच्या पुढच्यावर. माझे ९ पचवायचे तर त्यानंतरचे प्रत्येक पान मला दुरुस्त करावे लागले असते. शिवाय मालकांच्या बंधूंकडे दुसरी नक्कल असे, तीही! एवढा उद्योग करण्यापेक्षा सचोटीने वागणे कमी श्रमाचे, हे मला तेव्हाच कळले.

वाचकहो, या सदरात मी एरवी शब्दांच्या नाहीतर माणसांच्या गोष्टी सांगतो. यंत्राच्या वाटेला जात नाही. मराठीच्या प्राध्यापकाने संगणकावर बोलणे म्हणजे सुताराने रोग्याची नाडी पाहण्यासारखे आहे. पण यंदा माझा नाइलाज आहे. माझी एक वस्तू हरवली होती.

२०१४ साली मी आणि माझ्या काही विद्यार्थिनींनी जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. हे काम आमच्या आधी फार मोठ्या प्रमाणावर हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी पुण्याहून केले आहे. त्यांच्या संग्रहात लाखाच्या वर ओव्या आहेत. आमचे काम त्यापुढे दाण्याएवढे. मंगळवेढे, बार्शी, अक्कलकोट या बाजूच्या म्हाताऱ्या बायका आणि आमच्या शहराच्या पूर्व भागातल्या बिड्या वळणाऱ्या बायका, यांच्याकडून मिळून ३४० ओव्या आम्ही ध्वनिमुद्रित केल्या. त्यांत ११ माझ्या आईच्या होत्या. आईचे माहेर मंगळवेढ्याकडचे. जाते तिने लहानपणी ओढलेले, पण ओव्या तिच्या गळ्यातून गेल्या नव्हत्या. २०१९ साली ती गेली.

हे सगळे आम्ही 'वर' ठेवले होते. 'वर' म्हणजे क्लाउडमध्ये. कॉलेजातर्फे मिळालेल्या खात्यात टाकले, की ते आभाळात सुरक्षित राहते, असे मला सांगण्यात आले होते आणि आभाळावर अविश्वास दाखवण्याचे मला काही कारण नव्हते. २०२३ साली ती सेवा बदलली. त्याबद्दल मला म्हणे चार पत्रे आली होती. ती इंग्रजीत होती, त्यांवर कोणाची सही नव्हती, आणि अशी पत्रे मी उघडत नाही. एके दिवशी खाते उघडायला गेलो, तर खातेच नाही! कोणाशी भांडावे तर समोर माणूस नाही. सौ. म्हणाली, "आभाळात ठेवलंत, मग पाऊस पडला म्हणून काय रडता?"

आता २०२५ च्या दिवाळीतली गोष्ट. ताई आणि भाचा पुण्याहून आले होते. भाचा संगणकाच्या धंद्यात आहे. नरकचतुर्दशीची दुपार होती. फराळ अंगावर येऊन आम्ही दोघे सोप्यात लोळत होतो. इतक्यात भाच्याने मोबाइलवर काहीतरी वाचले आणि तो उठून बसला. अमेरिकेत व्हर्जिनिया प्रांतात अ‍ॅमेझॉन कंपनीची जी संगणकांची प्रचंड ठाणी आहेत, तिथल्या नावपत्त्यांच्या व्यवस्थेत बिघाड झाला होता आणि जगभरातल्या कितीतरी सेवा एका दमात बंद पडल्या होत्या. तो २० ऑक्टोबरचा दिवस होता.

"व्हर्जिनियात बिघाड, तर जगाला काय त्याचं?" मी विचारले.

"मामा, क्लाउड म्हणजे आभाळ नव्हे. क्लाउड म्हणजे दुसऱ्याचा संगणक. तो नव्या मुंबईत असेल, नाहीतर व्हर्जिनियात. मोठी गुदामं असतात, विजेची आणि गार हवेची सोय केलेली. सगळ्या जगाने आपापली पेटी अशा चार-पाच मालकांच्या गुदामात नेऊन ठेवली आहे."

मग त्याने मला दोन आगींच्या कथा सांगितल्या. २०२१ च्या मार्चमध्ये फ्रान्सातल्या स्ट्रासबुर्ग शहरी ओव्हीएच या कंपनीचे असेच एक गुदाम जळाले आणि ज्यांनी दुसरी प्रत ठेवली नव्हती त्यांचे सर्वस्व गेले. दक्षिण कोरियात तर याच २०२५ च्या २६ सप्टेंबरला डेजॉन येथील सरकारी केंद्रात आग लागली आणि सरकारी नोकरांची ८५८ टेराबाइट कागदपत्रे नष्ट झाली. दुसरी प्रत नव्हतीच. का, तर एवढ्या मोठ्या साठ्याची नक्कल ठेवणे परवडत नाही म्हणून! चाटी गल्लीतल्या आमच्या मालकांना ते परवडत होते.

"यावर उपाय?" मी म्हणालो.

"उपाय काही लोकांनी काढला आहे. पेटी एका गुदामात ठेवायचीच नाही."

पुढचा तासभर त्याने मला जे समजावले, ते मी माझ्या भाषेत सांगतो. चूक असेल तर ती माझी.

तुमची वस्तू, म्हणजे समजा आईची एक ओवी, आधी कुलूपबंद करायची. म्हणजे किल्लीवाचून कोणालाही नुसता गलबला दिसेल. मग तिचे तुकडे करायचे आणि ते जगभरातल्या अनोळखी माणसांच्या संगणकांवर ठेवायचे. ज्याच्या घरी जागा रिकामी आहे, त्याने ती भाड्याने द्यायची. स्टॉर्ज नावाच्या सेवेने प्रसिद्ध केलेल्या रीतीत एका वस्तूचे ८० तुकडे होतात आणि त्यांतले कोणतेही २९ हाती आले की वस्तू पुन्हा सबंध उभी राहते. बाकीचे ५१ जळोत, बुडोत, त्यांचे मालक परागंदा होवोत! हे गणिताचे कसब मला कळले नाही, पण पटले. वर्गातल्या ८० पोरांपैकी कोणतीही २९ हजर असली, तरी मागच्या तासाचा धडा त्यांच्याकडून पुरता काढून घेता येतो, असा माझाही अनुभव आहे.

"पण हे अनोळखी लोक कशावरून सांभाळतील? भाडं घेतील आणि तुकडा फेकून देतील," मी म्हणालो.

"इथेच ती वही येते, मामा."

त्या वहीचे नाव ब्लॉकचेन. भाचा ते नाव घेताच मी हात वर केले होते. कारण हा शब्द मी आजवर फक्त बिटकॉइनच्या आणि त्यात बुडालेल्या गृहस्थांच्या संदर्भात ऐकला होता. पण ही वही म्हणजे वडिलांची रोजकीर्दच निघाली. एका पानावर काही व्यवहार लिहायचे. त्या सबंध पानाचा गणिताने एक छोटा ठसा काढायचा. त्याला ते हॅश म्हणतात. एक काना इकडचा तिकडे झाला, तरी ठसा पार बदलतो. तो ठसा पुढच्या पानाच्या डोक्यावर लिहायचा, त्या पानाचा त्याच्या पुढच्यावर. आणि ही वही एकाच दिवाणजीकडे नाही, हजारो लोकांकडे. कोणी जुन्या पानात १ चा ९ केला, तर पुढचे प्रत्येक पान ओरडून उठते. थप्पड मारायला वडील नकोत!

ही कल्पना बिटकॉइनहून जुनी आहे. १९९१ साली हेबर आणि स्टॉर्नेटा या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी ती मांडली, आणि त्यांच्या कंपनीने १९९५ पासून दर आठवड्याचा ठसा न्यूयॉर्क टाइम्समध्ये छोट्या जाहिरातींत, 'हरवले-सापडले'च्या रांगेत छापायला सुरुवात केली. वर्तमानपत्राच्या लाखो प्रती घरोघर गेल्यावर त्या खोडणार कोण? सातोशी नाकामोटो या टोपणनावाने लिहिणाऱ्याने २००८ साली याच साखळीवर बिटकॉइनची कल्पना मांडली. टोपणनाव घेऊन एवढी कीर्ती मिळवणारा लेखक मराठीत अजून झालेला नाही.

तर या वहीत ओवी नसते. तिथे फक्त कोणी काय सांभाळायचे कबूल केले, त्याचा ठसा काय, भाडे किती, आणि त्याने सांभाळल्याचा पुरावा दिला का, एवढेच असते. फाइलकॉइन नावाच्या सेवेत सांभाळणाऱ्याला अनामत ठेवावी लागते आणि दर २४ तासांनी वस्तू आपल्यापाशी आहे हे सिद्ध करावे लागते. नाही केले तर अनामतीला कात्री. सबंध वस्तू रोज पाठवायची नाही; तिच्यातला भलताच भाग अवचित विचारला जातो. मी वर्गात "सातव्या ओवीचा तिसरा चरण म्हण" असे एखाद्याला उठवून विचारतो, त्यातलाच हा प्रकार. ज्याने पाठ केले नाही तो तिथेच सापडतो.

सौ. चकल्यांचा डबा घेऊन आली होती. तिने एवढेच ऐकले आणि म्हणाली, "म्हणजे भिशीच की! फक्त बायका अनोळखी."

नुसते साठवणेच नव्हे, तर आकडेमोडही अशी वाटून देता येते. पोलंडात सुरू झालेली गोलेम, नंतरची अकाश, या सेवा रिकाम्या संगणकांची ताकद भाड्याने देतात. याआधी १९९९ ते २०२० पर्यंत परग्रहावरच्या जीवांचे संदेश शोधण्यासाठी जगभरच्या लक्षावधी लोकांनी आपले घरचे संगणक फुकट दिले होते. जीव सापडले नाहीत, पण रीत सापडली. यात पंचाईत एकच. अनोळखी माणसाने केलेली बेरीज बरोबर कशी मानायची? मग तीच बेरीज दोघांना द्यायची आणि उत्तरे ताडून पाहायची.

सोलापूरकराला यात नवे काय? आमच्या पूर्व भागात हजारो बायका कारखान्यातून पाने, तंबाखू आणि दोरा घरी आणतात, उंबऱ्यात बसून बिड्या वळतात आणि हजाराच्या हिशेबाने परत नेऊन देतात. कारखाना एक, पण काम शेकडो घरांत वाटलेले. मात्र तिथे तपासायला एक माणूस बसलेला असतो. त्याने मूठभर बिड्या छाट म्हणून बाजूला सारल्या, की त्या दिवसाची तेवढी मजुरी गेली. त्याच्याविरुद्ध दाद कुठे मागायची? माझ्या एका विद्यार्थिनीची आई ओवी सांगता सांगता मध्येच थांबून या छाटीबद्दल पाच मिनिटे बोलली होती. मी भाच्याला म्हणालो, "तुमच्या वहीत हा तपासणारा कोण?" तो म्हणाला, "कोणी एक माणूस नाही. नियम आधी ठरलेला आणि सर्वांना दिसणारा. प्रामाणिक काम नाकारता येत नाही, खोटं खपत नाही." हे ऐकून मला प्रथमच या प्रकरणाविषयी आदर वाटला.

आपल्या महाराष्ट्रातही ही वही आली आहे, हे मला ठाऊक नव्हते. गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्ली येथे २०२२ साली सुमारे ६५ हजार जातीचे दाखले या रीतीने देण्याचे काम सरकारने हाती घेतले. पॉलिगॉन नावाच्या साखळीवर दाखल्याचा ठसा नोंदवायचा. दाखला खरा की बनावट, हे कोणालाही कुठूनही पडताळता यावे. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने 'विश्वस्य' नावाची स्वतःची व्यवस्था उभी केली. तिचे संगणक भुवनेश्वर, पुणे आणि हैदराबाद अशा तीन ठिकाणी वाटलेले आहेत, आणि सरकारी खात्यांना तिथे अशी वही वापरायला मिळते. अर्थात तिन्ही ठिकाणचे मालक सरकारच. भाच्याने नाक मुरडले. त्याच्या मते हे खरे विकेंद्रीकरण नव्हे. मला मात्र एटापल्लीच्या पोराचा दाखला अनोळखी भाडेकऱ्यांच्या मर्जीवर असण्यापेक्षा हे बरे वाटले.

मी दुसरी शंका काढली. "दाखल्यावर मुळातच चुकीची जात लिहिली गेली तर?"

"तर चुकीचीच पक्की होते," तो म्हणाला. "चूक खोडता येत नाही, खाली दुरुस्तीची नवी नोंद करायची. वही एवढंच सांगते, की लिहिल्यावर कोणी हात लावला नाही."

आणि आणखी एक. नरकचतुर्दशीच्या त्या गोंधळात कॉइनबेस ही आभासी चलनांची मोठी बाजारपेठही बंद पडली होती. मालक नको, मध्यस्थ नको म्हणणाऱ्यांचे दुकानसुद्धा शेवटी त्याच गुदामाच्या ओट्यावर! यावर भाचा हसला, बोलला काही नाही.

आमच्या मराठी वाङ्मयाला हे सारे भोगून झाले आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी गावोगाव हिंडून चक्रधरांच्या लीळा गोळा केल्या. पुढे खिलजींच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत मूळ पोथी हरवली. मग ज्याला जे पाठ होते ते त्याने सांगितले आणि 'लीळाचरित्र' पुन्हा उभे राहिले, पण पाठभेदांसह. महानुभावांनी पुढे आपले ग्रंथ सांकेतिक लिपीत लिहिले, म्हणजे कुलूपही लावले. आणि ज्ञानेश्वरीच्या प्रती गावोगावी इतक्या वेगळ्या झाल्या, की शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली एकनाथांना प्रती ताडून शुद्ध पाठ ठरवावा लागला. तिथे नियम नव्हता. तिथे नाथ होते.

माझ्या ओव्या मला कशा मिळाल्या, ते आता सांगतो. खाते गेल्यावर मी दोन वर्षे जुन्या विद्यार्थिनींना गाठत होतो. कोणी बार्शीला शिक्षिका, कोणी अक्कलकोटला संसारात, एक पार नाशिकला. कोणाच्या बिघडलेल्या फोनमध्ये, कोणाच्या भावाच्या पेनड्राइव्हमध्ये, लग्नाच्या फोटोंच्या आणि आरत्यांच्या मध्ये काही काही निघत गेले. ३४० पैकी २११ परत आल्या. कोणाला भाडे दिले नव्हते, अनामत घेतली नव्हती. पण १२९ गेल्या, हेही खरे. आणि गेल्या त्यांत त्या बिडीवाल्या बाईंच्या जवळजवळ सगळ्या.

आईच्या ११ पैकी ४ मिळाल्या. त्यांतली एक दोघींकडून आली. बार्शीच्या प्रतीत आई दुसऱ्या चरणाशी खोकते, थांबते, पोरींना चहाचे विचारते आणि पुन्हा सूर धरते. नाशिकच्या मुलीने मोठ्या मायेने ती प्रत साफ केली होती. खोकला नाही, चहा नाही, मागच्या कुत्र्याचे भुंकणेही नाही. ओवी सुरेख, अखंड. त्या दुपारी भाच्याने दोन्हींचे ठसे काढून दाखवले. अक्षरे आणि आकडे यांच्या दोन लांबलचक रांगा. एकीचा दुसरीशी काही संबंध नाही.

"यातली खरी कोणती?" ताईने विचारले.

"मशीन तेवढंच सांगत नाही," भाचा म्हणाला. "या दोन वेगळ्या आहेत, एवढंच सांगते. कोणती वर ठेवायची ते तुम्ही सांगा."

आम्ही तिघांनी दोन्ही ऐकल्या. दोन्ही ठेवायचे ठरले.

पाडव्याची वाट न पाहता लक्ष्मीपूजनाच्या दुपारीच त्याने २११ ओव्या अशाच एका वाटून ठेवणाऱ्या सेवेत कुलूप लावून पाठवल्या. भाडे फार नाही, पण ते डॉलरात आणि महिन्याच्या महिन्याला. सध्या भाच्याच्या कार्डावर. ते थांबले, की तुकडे सांभाळणाऱ्यांचे आमच्याशी नाते संपले. एक प्रत मी पेनड्राइव्हवर कपाटात ठेवली आहे, आणि बार्शी व नाशिकलाही २११ च्या २११ पाठवून दिल्या आहेत. या शेवटच्या दोघींचा मला अधिक भरवसा वाटतो. भाच्याला हे सांगितलेले नाही.

किल्ली म्हणजे १२ इंग्रजी शब्द निघाले, एकामागून एक, अर्थाशी काही संबंध नसलेले. ते हरवले तर जगात कोणीही कुलूप उघडून देऊ शकत नाही. अर्ज नाही, साहेब नाही, हेलपाटेही नाहीत. "फोटो काढू नका, फोनमध्ये ठेवू नका. कागदावर लिहा, आणि क्रम चुकवू नका," असे भाच्याने बजावले.

वडिलांनी २००३ साली नोकरी सोडली, तेव्हा दुकानात संगणक आला होता. वर्षाची चोपडी अर्धीच भरलेली होती. मालकांनी हिशेबाची पाने उतरवून घेतली आणि आठवण म्हणून ती त्यांनाच दिली. ती मी काढली. संध्याकाळी पाटावर ठेवून सौ.ने तिला हळदकुंकू वाहिले. पुढच्या कोऱ्या पानावर मी सवयीने वरची ओळ लिहिली आणि तिच्याखाली ते १२ शब्द उतरवले. ताई शेजारी बसून एकेक शब्द ताडून पाहत होती.

मग ती म्हणाली, "एकदा लाव ना."

"कोणती?"

"खोकल्याची."

लावली. आई दुसऱ्या चरणापर्यंत आली, खोकली, थांबली. कुत्रे भुंकले. मग आईचा आवाज आला, "पोरींनो, चहा ठेवू का गं?"

स्वयंपाकघरातून सौ. म्हणाली, "ठेवलाय."